आखूड नळी, लांब नळी

रानातल्या जनावरांचे फोटो काढायला कोणता कॅमेरा घ्यावा आणि लेन्स किती लांबीची घ्यावी, असं मला अजून लोक विचारतात. दुकान बंद करून बरीच वर्षं झाली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, तरी विचारतात. उमरग्यात जुना फोटोवाला म्हणून मीच काय तो उरलोय, त्यामुळं असेल. मी सल्ला देतो, पण त्याआधी उलटा प्रश्न टाकतो: ही लेन्स आणून तुम्ही दुसरं काय काय करणार आहात? विचारणारा गोंधळतो. म्हातारा चळला असंही काहींना वाटत असेल. पण हा प्रश्न मला ज्या कारणानं सुचला ते कारण मी आजवर धड कुणाला सांगितलेलं नाही. दिवाळी अंकाच्या निमित्तानं सांगून मोकळा होतो.

निजामाचं राज्य होतं आणि तिकडं मोठी लढाई चालली होती. बाजारात माझा स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे पत्र्याची लांब खोली, उत्तरेकडच्या अर्ध्या छपराला काचा, आणि मागं रंगवलेला पडदा. पडद्यावर तळं होतं, तळ्यात दोन हंस होते. उमरग्यातल्या कित्येक जोडप्यांच्या मागं तेच हंस पोहताहेत. विजेचा दिवा नव्हता. ढग आला की गिऱ्हाइकाला चहा पाजायचा आणि ढग जाईपर्यंत गप्पा मारायच्या.

फोटो तेव्हा काचेवर निघायचा. पोस्टकार्डापेक्षा जरा मोठी काच, तिच्या एका अंगाला औषध लावलेलं. तिला आम्ही प्लेट म्हणायचो. तिच्यावर सगळं उलट्या रंगात उमटतं, पांढरं ते काळं आणि काळं ते पांढरं. त्या प्लेटवरून कागदावर छाप घेतला की माणूस माणसासारखा दिसतो. आणि छाप घेण्याआधी एक काम असायचं, ज्यावर माझं खरं नाव होतं. त्या काळी पुष्कळ चेहऱ्यांवर देवीचे व्रण असत. लग्नासाठी मुलीचा फोटो काढायचा तर ते गेलेच पाहिजेत. प्लेट खिडकीच्या उजेडात तिरकी धरायची, फिकट डाग पेन्सिलीनं भरायचे आणि गडद डाग चाकूच्या टोकानं हळूच खरवडून काढायचे. माझा हात असा होता की सोलापूरचे लोकसुद्धा प्लेटा पाठवायचे.

एकदा एक बाप मुलीला घेऊन तावातावानं दुकानात आला. मुलाकडच्यांनी फोटो परत पाठवला होता, का, तर आम्ही पाहिली ती मुलगी ही नव्हे. मी पोरीकडं बघितलं, फोटोकडं बघितलं. पोरीच्या गालावर ठसठशीत तीळ होता आणि सगळ्यांनी म्हणे त्या तिळावरच पसंती दिली होती. मी व्रणांबरोबर तोही पेन्सिलीनं भरून टाकला होता. दुसरा फोटो फुकट काढून दिला आणि ही गंमत वर्षभर लोकांना सांगत बसलो. तेव्हाच शहाणपण यायला हवं होतं, ते आलं नाही.

आता वीरप्पा शेट. तेलबियांचे मोठे आडते, लिंगायत, गळ्यात चांदीची लिंगाची डबी, घरात कानडी आणि बाजारात मराठी. पन्नाशीनंतर या माणसाला पाखरांचा नाद लागला. करडईचा सौदा करायला लोहाऱ्याच्या बाजूला गेले की गाडी माळावर सोडून तासन्‌तास बसायचे. त्या माळावर माळढोक होता. आजच्या वाचकांनी तो पाहिला नसेल म्हणून सांगतो. मेंढीएवढा उंच पक्षी, लांब पांढरी मान, डोक्यावर काळी टोपी, आणि चाल अशी की दौऱ्यावर आलेला अंमलदार. एवढं मोठं पाखरू, पण वर्षाला अंडं बहुधा एकच घालतं, तेही उघड्या जमिनीवर.

दरसाल भादव्यात निजाम सरकारातले एक साहेब त्या माळावर शिकारीला यायचे. माणूस रुबाबदार, नेम पक्का, माळढोकाच्या मटणाचे शौकीन. त्या वर्षी वीरप्पांनी जाऊन त्यांना विनंती केली की माळावर मादी आहे, तिच्याजवळ पिल्लू आहे, यंदा तेवढी सोडा. साहेब हसले. गावोगाव लोक आपलं रान वाचवायला असलं काहीतरी सांगतातच, म्हणाले. मग म्हणाले, "पिल्लू आहे ना? फोटो लेके आव. बच्चा दिखाव. इस साल उस माळ पे बंदूक नहीं उठाऊंगा." शब्दाला पक्का माणूस, असं सगळे म्हणत. दौऱ्याला तीन आठवडे होते.

वीरप्पा तिथून थेट माझ्याकडं आले. "मास्तर," म्हणाले, "तुमच्या डब्यानं पाखरू निघंल का?"

मी सांगितलं, निघेल, पण मुंगीएवढं. माझी लेन्स समोर खुर्चीवर बसलेल्या माणसासाठी होती. लांबचं मोठं काढायचं तर लांब नळीची लेन्स लागते. यात जादू काही नाही. नळी दुप्पट लांबीची तर चित्र दुप्पट मोठं. पण लांब नळीत उजेड कमी शिरतो, म्हणून फोटोला वेळ जास्त लागतो, आणि तेवढ्यात पाखरू हललं की नुसता धूर उमटतो. वर कॅमेरा जरा थरथरला तरी सगळं पुसट. म्हणजे मोठं हवं की स्वच्छ हवं, ही निवड आलीच. आजच्या भारी लेन्सांतही तीच आहे, फक्त किंमत बदलली.

लढाईमुळं नवा माल येत नव्हता. सोलापुरात जुन्या सामानाच्या एका व्यापाऱ्याकडं दोन लेन्स असल्याचं कळलं. कॅमेरा बरोबर घेऊन आम्ही दोघं कोळशावर चालणाऱ्या मोटारीनं गेलो. चढ आला की सगळ्यांनी उतरायचं आणि मोटारीला मागून रेटायचं, असा तो प्रवास.

एक लेन्स आखूड नळीची, बारा इंची. काच पाण्यासारखी, उजेड भरपूर. दुसरी पितळेची, जुनाट, हातभर लांब आणि जातं उचलावं तशी जड. तिचं काम तीस इंची लेन्सएवढं. मी परीक्षा घेतली. समोरच्या भिंतीवर पंचांगाचं पान डकवलं, दहा पावलं मागं आलो आणि कॅमेऱ्याच्या मागच्या दुधी काचेवर बघितलं. आखूड नळीतून पान नखाएवढं, पण उजळ. लांब नळीतून पान चांगलं मोठं, तिथी वाचता येईल इतकं, पण अंधुक, संध्याकाळच्या उजेडातलं असावं तसं.

वीरप्पा म्हणाले, "कुठली घ्यायची? मला यातलं काय कळतंय हो. तुमी म्हणाल ती."

मी म्हणालो, "आखूड."

कारणं भराभर सांगितली. पावसाळी हवा, उजेड कमी, पाखरू चंचल. सगळी कारणं खरी होती. एक कारण मात्र सांगितलं नाही. ती आखूड लेन्स चेहऱ्याच्या फोटोला अशी सुरेख होती की तसली उमरग्यात काय, धाराशिवातही कुणाजवळ नव्हती. पाखराचं काम झालं की शेट ती माझ्याकडंच ठेवणार, हे मला ठाऊक होतं. माळढोकासाठी लेन्स निवडताना माझ्या डोळ्यांसमोर लग्नसराई होती. आज हे लिहितानाही लाज वाटते.

परतताना हद्दीवर करोडगिरीचा नाका लागला. निजामाच्या राज्यात शिरणाऱ्या मालाची जकात तिथं व्हायची. तिथल्या कारकुनानं नळी हातात घेऊन डोळ्याला लावली आणि म्हणाला, दुर्बीण आहे, लढाईच्या दिवसांत दुर्बीण सोडता येत नाही. समजावून उपयोग होईना. शेवटी मी रस्त्याकडेला कॅमेऱ्याचं तीन पायांचं तिकाटणं उभं केलं, लेन्स कॅमेऱ्याला बसवली, काळं कापड त्याच्या डोक्यावर टाकलं आणि म्हणालो, बघा. दुधी काचेवर चित्र उलटं पडतं, आभाळ खाली आणि जमीन वर. त्याला आपली चौकी, चौकीतला शिपाई, बांधलेली शेळी, सगळं उलटं लोंबकळताना दिसलं. मग तो बाहेरच येईना. मोटारवाला भोंगा वाजवून दमला. पाच-सात मिनिटांनी कापडातून आवाज आला, "ती शेळी पडत का नाही हो?"

शिक्का मारून त्यानं आम्हाला सोडलं.

माळावर सिदू धनगर होता. त्याची मेंढरं तिथंच चरायची आणि माळढोक त्यांना बुजत नव्हता. मी काळं कापड काढलं तसं सिदू म्हणाला, "ह्ये वाऱ्यानं फडफडंल, पाखरू उठंल. माजं घोंगडं घ्या. घोंगड्याला त्ये भीत न्हाय, रोज बगतंय की." काळं घोंगडं, जाड, आत तिळाएवढा उजेड शिरायचा नाही. माझ्या विलायती कापडापेक्षा सरस. वासाचं विचारू नका. तीन दिवस आम्ही मेंढरांत बसलो, सिदूच्या शिव्या आणि मेंढरांचे आवाज ऐकत, आणि चौथ्या दिवशी मादी साठ पावलांवर आली.

इथं एक गोष्ट बाहेरच्यांना सांगायला हवी. त्या कॅमेऱ्यात बघणं आणि काढणं एकदम होत नसे. दुधी काचेवर चित्र बघायचं, मग त्या काचेच्या जागी बंद चौकटीतली प्लेट घालायची. प्लेट घातली की तुम्ही आंधळे. समोर काय चाललंय ते नुसत्या डोळ्यांनी अंदाजानं बघायचं आणि बटण दाबायचं. मी प्लेट घातली, मादी स्थिर झाली, दाबलं. सिदू कानाशी कुजबुजला, "आलं का वो पिल्लू?" मी मान हलवली. खरं तर मला गवतात पिल्लू काही दिसलं नव्हतं. धनगराचे डोळे आपल्याला कुठून असणार.

घरी येऊन प्लेट धुतली. मादी उत्तम आली होती, हरभऱ्याच्या दाण्याएवढी, मानेचा बाक न्‌ बाक स्पष्ट. मी खुशीत होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी खिडकीपाशी बसलो, नेहमीसारखी प्लेट तिरकी धरली आणि साफ करायला घेतली. आभाळातले दोन ठिपके भरले. मादीच्या पायाशी मोहरीएवढा एक डाग होता, तो चाकूनं खरवडला. हात चालत होता आणि मी मनाशी नव्या लेन्सनं काढायच्या नवऱ्या मुलींचा विचार करत होतो. मग छाप घेतला. इतका स्वच्छ छाप मी आयुष्यात काढला नव्हता.

वीरप्पांनी तो हातात घेतला, चष्मा पुसला, पुन्हा बघितला. "छान हाय," म्हणाले. "पिल्लू कुठंय?"

सिदूला बोलावलं. त्यानं फोटो दोनदा फिरवला, कुठून धरायचा ते कळल्यावर मादीच्या पायाशी बोट ठेवलं. "हितं हुतं की. तिच्या डाव्या पायाला. म्या सोता बगितलंय."

मी आत जाऊन प्लेट आणली. त्याच्या बोटाखालच्या जागेवर माझ्या चाकूचा ओरखडा होता. पेन्सिल असती तर पुसून निघाली असती. खरवडलेलं औषध परत बसत नाही. मी दोघांना सांगितलं की पिल्लू होतं आणि ते मी काढून टाकलं. सिदूला पटेना. "जित्तं पिल्लू तुमी डाग म्हून खरवडलं?" असं त्यानं विचारलं, तेही चिडून नव्हे, नुसतं समजून घ्यायला. वीरप्पा चष्मा काढून पुन्हा पुसत बसले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

मग मी तेही सांगितलं, लग्नसराईचं. लांब नळी घेतली असती तर पिल्लू ज्वारीच्या दाण्याएवढं आलं असतं आणि कुठल्याही गाढवाला कळलं असतं की हा डाग नव्हे. वीरप्पांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "उद्या मोटार किती वाजता हाय?"

मी एकटाच सोलापूरला गेलो, आखूड नळी परत दिली, लांब नळी घेऊन आलो. घरात तीन प्लेटा उरल्या होत्या आणि नव्या मिळत नव्हत्या. माळावर रोज ढग. लांब नळीला पुरा एक सेकंद लागत होता आणि सेकंदभर स्थिर राहायला मादी काही माझ्या स्टुडिओत बसली नव्हती. सिदू पिल्लाची खूण करायचा तोवर दुधी काचेच्या जागी प्लेट गेलेली असायची. पहिल्या प्लेटवर धूर उमटला, दुसरीवरही. तिसरी मी राखून ठेवली, आणि साहेबांचा तळ पडला.

आम्ही तिघं गेलो. वीरप्पांनी तो स्वच्छ फोटो पुढं ठेवला. साहेबांनी भिंगातून बघितलं. "बच्चा किधर है?"

मी म्हणालो, "साहेब, होतं. मीच पुसलं." प्लेट दाखवली, ओरखडा दाखवला, देवीच्या व्रणांपासून सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग हसून म्हणाले, "मास्टर, जो मिटा सकता है, वो बना भी सकता है. कल तुम बच्चा बना के लाते तो मैं क्या करता?"

ज्या हातावर माझं नाव होतं त्याच हातामुळं माझा शब्द गेला. सकाळी निघायचं म्हणून बंदूक साफ करायला त्यांनी माणसाला हाकही मारली. तेव्हा मला नाक्यावरचा कारकून आठवला. मी म्हणालो, "मग फोटो राहू द्या. बंदूक उचलण्याआधी तुम्ही स्वतःच बघा. एक प्लेट उरलीय, ती तुमच्या देखत काढतो. घरी नेत नाही."

काय वाटलं कोण जाणे, ते म्हणाले, "हौ. देखेंगे."

सकाळी साहेब आले, बंदूक छकड्यात ठेवलेली. सिदूनं मेंढरं आमच्याभोवती आणली. मी लांब नळी लावून ठेवली होती. साहेबांनी रूमी टोपी काढून वीरप्पांच्या हातात दिली, नाकाला रुमाल लावला आणि घोंगड्यात शिरले. आम्ही वाट बघत राहिलो. बऱ्याच वेळानं सिदूनं माझा दंड दाबला. मादी गवतातून पन्नास पावलांवर येत होती.

मी वाकून नळी जराशी वळवली आणि घोंगड्यातून त्यांचा हात धरून चाकावर ठेवला. "हे हळू फिरवा, स्वच्छ दिसेल." चाक फिरलं, थोडं पुढं, थोडं मागं, आणि थांबलं.

माझ्या हातात शेवटची प्लेट होती. नेमका त्या वेळी ढग सरकून चांगलं ऊन पडलं, तीन आठवड्यांत पडलं नव्हतं असं. मादी उभी होती. "साहेब, बाहेर या," मी हळूच म्हणालो. "प्लेट घालतो."

"ठहरो," आतून आवाज.

"साहेब, ऊन जाईल."

"ठहरो बोला ना."

तिसऱ्यांदा मी काही म्हणणार तर वीरप्पांनी ओठांवर बोट ठेवलं. मादी चार पावलं चालली, वाकली, पुन्हा वाकली. घोंगडं अजिबात हलत नव्हतं. मी हातात प्लेट घेऊन उभा, समोर माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोलाचा फोटो, आणि मध्ये साहेबांचं डोकं. मग ऊन गेलं, मादी गवतात शिरली. त्यानंतरही ते लगेच बाहेर आले नाहीत.

बाहेर आले तेव्हा घामानं निथळत होते, केसांत लोकर. ते मराठी बोलत नसत, पण त्या दिवशी सिदूकडं बघून बोलले. "टिड्डा, तुमचा तो नाकतोडा, पकडला तिनं. खाल्ला नाही. त्याच्या तोंडात दिला." दोन बोटांनी त्यांनी एवढंसं पिल्लू दाखवलं. "सब उल्टा दिख रहा था. फिर भी."

छकड्याकडं जाताना त्यांचं लक्ष माझ्या हातातल्या प्लेटकडं गेलं. "फोटो नहीं हुई?"

"नाही, साहेब."

"मेरी वजह से."

मी प्लेट पिशवीत टाकली.

"तुमने बच्चा मिटाया, मैंने निकालने नहीं दिया," ते म्हणाले. "अपन दोनों बराबर." आणि छकडं गावाकडं वळवायला सांगितलं. त्या साली त्या माळावर बार झाला नाही. पुढच्या सालचं मला माहीत नाही, साहेबांची बदली झाली, मग ते राज्यच गेलं. त्या माळावर पुढं नांगर फिरला आणि माळढोक दिसेनासे झाले.

वीरप्पांनी तो पिल्लू नसलेला फोटो चौकटीत बसवून आपल्या आडतीत गादीच्या वर लावला होता. मला तो तिथं बघवायचा नाही. एकदा मी म्हणालोसुद्धा, शेट, काढून टाका, मी दुसरं काहीतरी चांगलं देतो. त्यांनी ऐकलं नाही. बाजाराच्या दिवशी कुणी नवखा शेतकरी मान वर करून बघायचा आणि विचारायचा की हे कसलं पाखरू. वीरप्पा उठायचे, मादीच्या डाव्या पायाशी, त्या स्वच्छ कोऱ्या जागेवर बोट ठेवायचे आणि सांगायचे, "हितं तिचं पिल्लू हाय." शेतकऱ्याला काही दिसायचं नाही. मी तिथं बसलेलो असलो तर माझ्याकडं हात करून म्हणायचे, "मास्तरांना विचारा. त्यांनी बगितलंय."

मी बघितलं नव्हतं. तिघांनी बघितलं, शेटांनी, सिदूनं आणि साहेबांनी. पण मी दर वेळी मान हलवून हो म्हणायचो.